नुरा कुस्तीचा ताळेबंद

"अहो, ते सगळं खोटं असतं!"

हे वाक्य मी गेली तीस-बत्तीस वर्षं ऐकत आलो आहे. म्हणणारी माणसं तेवढी बदलली. पहिल्यांदा बाबा म्हणाले, मग आमचे गणिताचे मास्तर म्हणाले, लग्न झाल्यावर ते काम सौभाग्यवतींनी आपणहून अंगावर घेतलं, आणि हल्ली दुपारी डबा खाताना आमच्या शाखेचे हेड कॅशियर म्हणतात. हेड कॅशियर रोज रात्री जी मालिका बघतात, तिच्यातली सासू आजवर दोनदा मेली आणि दोन्ही वेळा परत आली. ते त्यांना चालतं. १९९० च्या दशकातली अमेरिकन कुस्ती मात्र खोटी!

खोटी असते हे मलाही ठाऊक आहे. खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे तसं सांगून टाकलं होतं. हा खेळ नव्हे, ही करमणूक आहे, तेव्हा खेळांवर बसतात ते कर आणि नियम आमच्यावर नकोत, असा त्यांचा अर्ज होता. कर चुकवण्यासाठी खोटं बोलणारी माणसं मी रोज काउंटरपलीकडे पाहतो. कर चुकवण्यासाठी खरं बोललेला माणूस माझ्या माहितीत एकच, तो म्हणजे कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहॉन.

आणि आपल्याला यात नवल कसलं? 'नुरा कुस्ती' हा शब्द आपल्याकडे केबल यायच्या कितीतरी आधीपासून आहे. बाबा स्वतः तरुणपणी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगची कुस्ती बघून आले होते आणि ती गोष्ट पाहुण्यांना सांगताना उभे राहून हातवारे करीत. ती मात्र खरी होती. का, तर ती बाबांनी पाहिली होती!

माझं या शास्त्रातलं शिक्षण ट्रम्प कार्डांवर झालं. कार्डावर मल्लाचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. उंचीला जायंट गोन्झालेझ हातात असला की डाव खिशात. वर्गात आम्ही दोन गोष्टी छातीवर हात ठेवून सांगत असू. एक, अंडरटेकरला सात जन्म आहेत. दोन, अक्षय कुमारने त्याला लोळवला आहे. पुढे कळलं की १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'तला तो अंडरटेकर ब्रायन ली नावाचा दुसराच गृहस्थ होता, आणि याच गृहस्थाला १९९४ च्या समरस्लॅममध्ये खऱ्या अंडरटेकरविरुद्ध तोतया अंडरटेकर म्हणून उभं केलं होतं. म्हणजे खोट्या कुस्तीतला खोटा मल्ल, तोही खोटाच निघाला.

पण कुस्ती ठरलेली असते म्हटल्यावर ती ठरवतो कोण, हा प्रश्न माझ्या वाणिज्य शाखेच्या डोक्याला पडायला हवा होता. तो फार उशिरा पडला. त्या माणसाला त्यांच्या धंद्यात 'बुकर' म्हणतात. कोण कोणाशी लढणार, कोण जिंकणार, कसा जिंकणार आणि सहा महिन्यांनी त्याचं काय होणार, हे सगळं बुकर ठरवतो. १९९७ च्या ऑक्टोबरात 'बुकर' हा शब्द आपल्या सगळ्या वर्तमानपत्रांत झळकला. अरुंधती रॉय यांना पारितोषिक मिळालं होतं. मलाही अभिमान वाटला. महिना उलटायच्या आत दुसऱ्या प्रकारच्या एका बुकरने माँट्रियलमध्ये जे केलं, त्याची बातमी मात्र कोणी दिली नाही. त्याच्याकडे येतोच.

माझं म्हणणं असं की बुकर हा प्रेक्षकांकडून उधार घेणारा माणूस असतो. तो म्हणतो, आज तुमच्या लाडक्या मल्लाला डोळ्यांत मीठ फेकून हरवतो, तुम्ही चिडा, हळहळा, पुढच्या महिन्यात या, सव्याज परत करतो. आपण चिडतो, म्हणजे रक्कम दिली. आता ती परत येते की बुडते, एवढ्यावरच बुकर जोखायचा. कुस्ती खरी की खोटी हा मुद्दाच नाही. हुंडीसुद्धा एक कागदच असते. ती वटली की खरी.

न वटलेली हुंडी पाहायची असेल तर १९९३ चा नववा रेसलमेनिया पाहावा. लास व्हेगासला सीझर्स पॅलेसच्या आवारात, उघड्यावर. आमच्या ट्रम्प कार्डांचा राजा गोन्झालेझ तिथे अंगभर असा पोशाख घालून आला की त्याच्यावर स्नायू आणि केस रंगवलेले! समोर अंडरटेकर. आता ही कुस्ती संपावी कशी? गोन्झालेझने अंडरटेकरच्या नाकाला क्लोरोफॉर्मचं फडकं लावलं आणि पंचांनी त्याला बाद केलं. क्लोरोफॉर्म प्रेक्षकांना द्यायला हवा होता. त्याच रात्री योकोझुना नावाच्या अगडबंब मल्लाने ब्रेट हार्टला हरवलं, कारण त्याच्या गुरूने ब्रेटच्या डोळ्यांत मीठ टाकलं. इथवर ठीक. उधार घेतलं, पुढे फेडतील. पण तेवढ्यात हल्क होगन धावत आला आणि त्याच योकोझुनाला २२ सेकंदांत पाडून पट्टा घेऊन गेला. बावीस सेकंद! आमच्याकडे एवढ्यात माणसाचा चष्मा खिशातून डोळ्यांवर येत नाही. पैसे घेतले ब्रेटच्या नावावर आणि जमा केले होगनच्या खात्यात. याला आमच्याकडे चौकशी लागते.

तरी व्हिन्सने ते कर्ज फेडलं, हे कबूल करायला हवं. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९९४ ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिलीच कुस्ती लावली ब्रेट आणि त्याचा धाकटा भाऊ ओवेन यांची. कॅनडातल्या कॅलगरीचं हे हार्ट घराणं. वडील स्टू हार्ट घराच्या तळघरात पोरांना कुस्ती शिकवत. बारा भावंडं, त्यांत ओवेन शेंडेफळ. शेंडेफळाचं दुखणं काय असतं ते मी सांगायला नको. थोरल्याचे कपडे, थोरल्याची पुस्तकं, आणि 'जरा दादाकडे बघ' हे वाक्य. ती वीसेक मिनिटं पाहताना खरं-खोटं विसरायला होतं. शेवटी ब्रेट भावाच्या खांद्यावर चढून डाव टाकायला जातो, ओवेन तिथेच खाली बसतो आणि थोरल्याची पाठ लागते. मीठ नाही, क्लोरोफॉर्म नाही. त्याच रात्री शेवटच्या कुस्तीत ब्रेटने योकोझुनाकडून पट्टा परत जिंकला. सगळे मल्ल त्याला खांद्यावर घेऊन नाचताहेत आणि ओवेन लांब उभा राहून नुसता बघतो आहे. जिंकूनही तो धाकटाच राहिला. हे ज्याला सुचलं त्या बुकरच्या हातात मी आमच्या शाखेच्या तिजोरीच्या किल्ल्या देईन.

ही कुस्ती बघताना बाबा वर्तमानपत्र पुढे धरून बसले होते. पाठ लागल्यावर पेपराआडून आवाज आला, "धाकटा चांगला आहे रे." आणि मग भानावर येऊन, "पण सगळी नाटकं!"

१९९७ च्या मार्चमधली ब्रेट आणि स्टीव्ह ऑस्टिनची शिकागोची कुस्तीही याच पंगतीतली. ऑस्टिन रक्तबंबाळ, ब्रेटच्या पेचात अडकलेला. पण तो शरण जात नाही, शुद्ध हरपते तेव्हाच संपतं. नायक म्हणून आखाड्यात शिरलेला ब्रेट बाहेर पडला तो खलनायक होऊन, आणि ऑस्टिनचं उलटं झालं. दोन खाती एका सहीत फिरवली!

उधारी फेडण्यात सगळ्यांत चोख बुकर मात्र जपानी. नाव जायंट बाबा. आमच्या बाबांशी काही संबंध नाही. आमचे पाच फूट चार इंच, हे जवळजवळ सात फूट. आधी बेसबॉल खेळायचे, मग मल्ल झाले, मग ऑल जपान या कंपनीचे मालक आणि बुकर. हल्ली जुन्या कुस्त्या फोनवर मिळतात, म्हणून मला हे सद्गृहस्थ चाळिशीत भेटले. नव्वदीच्या दशकात त्यांच्याकडे मीठ-बीठ नाही, पंच आंधळा होणं नाही. निकाल म्हणजे निकाल. मिसावा आणि कावादा हे एकाच शाळेतले, कावादा एका वर्षाने मागे. ३ जून १९९४ ला तोक्योच्या बुदोकानमध्ये पस्तीस मिनिटं झुंजून कावादा हरला. ९ जून १९९५ ला जोडीच्या कुस्तीत मिसावाचा जोडीदार कोबाशी, पाय दुखावलेला, मिसावावर आडवा पडून त्याला मारापासून झाकत होता, आणि त्या दिवशी कावादाने मिसावाची पाठ पहिल्यांदा लावली. पण अजिंक्यपदाच्या एकेरी कुस्तीत मिसावाला हरवायला १ मे १९९८ उजाडला. महाराष्ट्र दिन! आपल्या बँका बंद होत्या, बाबांनी त्या दिवशी मुदत ठेव परत केली.

आता दुसरं टोक. डब्ल्यूसीडब्ल्यू, कारभारी एरिक बिशॉफ. या माणसाने १९९६ च्या जुलैत होगनला, प्रेक्षकांच्या लाडक्या होगनला, खलनायक केलं. कर्ज काढावं तर असं. मग स्टिंगला पांढरा चेहरा रंगवून वर्षाहून अधिक काळ छताच्या तुळयांवर उभा ठेवला. बोलणं नाही, कुस्ती नाही, नुसतं वरून बघणं. आमच्या शाखेत इन्स्पेक्शनला आलेले साहेब असेच बघतात. सगळी अमेरिका वाट बघत होती की हा खाली उतरून होगनला कधी लोळवतो. २८ डिसेंबर १९९७ ला उतरला, आणि होगनने त्याची पाठ लावली! कल्पना अशी होती की पंच लबाडीने भरभर तीन मोजणार, आणि मग ती लबाडी उघडकीला येणार. पंचाने मोजलं मात्र सरळ, आमचे हेड कॅशियर नोटा मोजतात तसं सावकाश. मग ब्रेट हार्ट येऊन अन्याय झाला म्हणाला, कुस्ती पुन्हा सुरू झाली, स्टिंग जिंकला. पण अन्याय कुठे झाला ते कोणालाच दिसलं नव्हतं. होगनच्या करारात कलमच होतं, की त्याला मान्य नसेल तो शेवट करायचा नाही. कर्जदारालाच वसुली अधिकारी नेमल्यावर दुसरं काय होणार? ४ जानेवारी १९९९ ला अटलांटात केव्हिन नॅशच्या छातीला होगनने एक बोट लावलं, नॅश धाडकन आडवा झाला, आणि पट्टा पुन्हा होगनकडे. बोट! २००१ साली ती कंपनी व्हिन्सनेच विकत घेतली.

राहता राहिलं माँट्रियल. ९ नोव्हेंबर १९९७. ब्रेट पट्ट्यासह डब्ल्यूसीडब्ल्यूत जायला निघालेला, आणि कॅनडात शॉन मायकल्सकडून हरणार नाही म्हणून अडून बसलेला. ठरलं होतं की कुस्ती गोंधळात संपेल. मायकल्सने ब्रेटचाच पेच ब्रेटला घातला, ब्रेट शरण गेला नव्हता, आणि व्हिन्सने घंटा वाजवायला लावली. तेव्हा मी व्हिन्सला शिव्या घातल्या. नोकरीत मुरल्यावर वाटलं, मालकाचीही बाजू असेल. पट्टा प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात गेला असता. हल्ली पुन्हा पहिल्या मतावर आलो आहे. या धंद्यात माणूस आपली मान समोरच्याच्या हातात देतो ती ठरलेल्या शब्दावर. मायकल्सला पेच घालता आला, कारण ब्रेटने त्याला स्वतःचे पाय दिले होते. तिथे एकच गोष्ट खरी होती, तीच मोडली. व्हिन्सने मात्र त्यावर स्वतःच खलनायक मालकाची भूमिका घेऊन अमाप पैसा केला. बुडीत कर्जावर नफा कमावणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

जायंट बाबांचं खातं चोख आहे असं मी वर म्हटलं, तेही जरा घाईने. बाबा १९९९ च्या जानेवारीत गेले. मिसावा मानेवर आपटून घेत राहिला आणि १३ जून २००९ ला हिरोशिमात आखाड्यातच गेला. मी फोनवर त्या कुस्त्या बघताना टाळ्या वाजवतो आणि मग हात आखडतो. व्याज कोणी भरलं ते मला दिसतं.

२३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेनला विनोदी सोंगात, निळ्या मुखवट्यात, छतावरून दोरीने उतरवायचं ठरलं होतं. लोकांना हसवण्यासाठी. कडी सुटली. ओवेन चौतीस वर्षांचा होता. त्याला बाहेर नेल्यावर त्याच आखाड्यात पुढच्या कुस्त्या झाल्या. तो कार्यक्रम मी आजवर बघितलेला नाही.

इंग्रजी पेपरात बातमी होती. बाबांनी ती वाचली, पेपराची घडी केली आणि विचारलं, "तो धाकटाच ना रे?"

मी म्हटलं, "हो."

पुढचं नेहमीचं वाक्य ते बोलले नाहीत.

ओवेनचं ट्रम्प कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. उंची, वजन, छाती, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. ते आकडे छापणाऱ्याने कुठून आणले होते कोण जाणे.