रक्त की संस्कार?

मार्क ट्वेनच्या ‘पडनहेड विल्सन’ (१८९४) ह्या कादंबरीत गुलाम दासी रॉक्सी, आपले मूल विकले जाईल ह्या भयाने, त्याची व धन्याच्या मुलाची पाळण्यातच अदलाबदल करते. लाडांत वाढलेला दासीपुत्र पुढे द्वंद्वयुद्धास भितो, तेव्हा ती खापर फोडते त्याच्या अंगच्या एक बत्तिसांश आफ्रिकी रक्तावर! बोटांच्या ठशांवरून कोण कोणाचा हे अखेर ठरते. तो तसा का झाला, हे ठरत नाही. त्याचे उत्तर खऱ्या वारसापाशी आहे. संपत्ती मिळूनही तो निरक्षर, बोली गुलामांचीच, आणि जीव रमतो केवळ स्वयंपाकघरात. असे मोलाचे पात्र, हकीकत लांबेल म्हणून, ग्रंथकाराने एका परिच्छेदात गुंडाळावे हे आम्हांस मुळीच रुचले नाही.