आधी मुलगी, मग कृष्ण : फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’

दादासाहेब फाळके म्हटलं की भाषण कुठून सुरू होणार हे आपल्या नाशिककरांना आता पाठ आहे. त्र्यंबकेश्वरचा जन्म, सरस्वतीबाईंचे दागिने, ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’, आणि मग थेट पुरस्कार. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहेच. सहली जातात, फोटो निघतात. माणूस मोठा झाला, पण त्याचे चित्रपट मात्र कोणी बघत नाही. म्हणून आज चरित्र बाजूला ठेवू आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बघू. त्याचा बराचसा भाग सुदैवाने शिल्लक आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ पहिला म्हणून थोर. कलाकृती म्हणून आम्हाला तो दुय्यम वाटतो. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो ते दृश्य आठवा. सगळी पात्रं रविवर्म्याच्या चित्रातून उठून आल्यासारखी, आणि उठल्यावर पुढे काय करायचं ते न सुचल्यासारखी उभी आहेत. कॅमेरा नाटकाच्या पहिल्या रांगेत बसलेला. तारामतीचं काम करणारे अण्णा साळुंके बिचारे उपाहारगृहातले आचारी. त्यांच्याकडून याहून जास्त कशाची अपेक्षा करणार?

सहा वर्षांनंतरचा, नाशिकच्या हिंदुस्तान फिल्म कंपनीचा ‘कालिया मर्दन’ मात्र वेगळ्या तयारीचा आहे. त्याची सुरुवात बघा. कथा सुरू होण्याआधी फाळके आपली लहान मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा दाखवतात. ती वेगवेगळे भाव करून दाखवते, एकामागून एक. आणि मग तीच मुलगी आपल्या डोळ्यांदेखत कृष्ण होते. जादूगार हातचलाखी लपवतो ना? फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत, तरी इथे त्यांनी उलट केलं. आधी हातचलाखी दाखवली, मग जादू.

आमच्या मते हा या चित्रपटातला सर्वांत मोठा विचार आहे, आणि समीक्षेने त्याकडे नुसतं कौतुकाने पाहिलं. कारण आपल्याकडे एक गोष्ट रूढ आहे: ‘लंकादहन’मध्ये राम दिसला की लोक हात जोडत. यावरून तेव्हाचा प्रेक्षक भाबडा ठरवला जातो, त्याला पडदा आणि देव यांतला फरक कळत नव्हता म्हणे. युरोपातही अशीच कथा आहे. ल्युमिएर बंधूंची आगगाडी पडद्यावर आली आणि लोक घाबरून पळाले. चित्रपटाचे अभ्यासक ती कथा आता फारशी खरी मानत नाहीत. मग आपल्या माणसांवर तोच शिक्का कशाला?

दशावतार, ललित, बहुरूपी बघितलेला हा समाज. सोंग म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. काश्मीरच्या शंकुकाने नवव्या शतकात हे नेमकं मांडलंय. त्याचा ग्रंथ गेला, अभिनवगुप्तामुळे मत उरलं. तो म्हणतो, नटाला राम म्हणून पाहणं हे चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणण्यासारखं आहे. ते खरं ज्ञान नाही, भ्रम नाही, संशयही नाही, नुसतं साम्यही नाही. वेदान्तातल्या दोरीवरच्या सापाचं तसं नसतं. दोरी कळली की साप जातो. इथे मुलगी आधी कळलेली आहे, तरी कृष्ण जात नाही. हात जोडणारा माणूस फसलेला नव्हता, बरं का. त्याला दोन्ही दिसत होतं.

दोष आहेतच. नाग उघड उघड बनवलेला दिसतो. पण पाण्याखालची झुंज आणि काठावर जिवाची घालमेल झालेली माणसं ही दोन्ही दृश्यं आलटून पालटून येतात ना, तिथे कॅमेरा पहिल्या रांगेतून उठलेला आहे. खोड्यांचे प्रसंग तर अजून हसवतात. मंदाकिनी तिथे देव नाहीच, गल्लीतलं द्वाड पोर आहे. भक्तीचा भार नंतर चढतो, आणि तो चढला की चित्र जरा थबकतं.

आता जे सांगायचं ते याच गावाबद्दल. ज्या नाशिकात हा कृष्ण घडला, तिथेच २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. दार उघडलं नाही. पडद्यावरचा देव दिसायला मात्र पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. तिकीट लागत होतं. फाळक्यांना हे अभिप्रेत होतं असा आमचा दावा नाही. त्यांची मंडळी सनातनी वळणाचीच. पण त्यांनी घरच्या मुलीला देव केलं, आणि केलं हे सगळ्यांना दाखवलं. देव असा माणसाच्या हातून घडताना दिसला, तर दारावर पहारा कोणत्या अधिकाराने बसवायचा? या प्रश्नाला गावाने पाच वर्षं उत्तर दिलं नाही. १९३५ मध्ये इथून जवळच, येवल्यात, बाबासाहेबांनी आपलं उत्तर दिलं.

असो. दिवे मालवा. आता सुरुवातीचा भाग लावतोय. संगीत मुद्दाम बंद ठेवलंय. चेहरे नीट बघा, मग प्रश्न घेऊ.