समाजवाद, शील आणि पंधरवड्याचा हिशेब

आळंदीच्या परिसरात अभ्यासवर्ग घेण्याचा प्रसंग आला म्हणजे आमच्यासमोर बसणारा श्रोता बहुधा कारखान्यातून आलेला असतो. ज्ञानेश्वरांची समाधी, इंद्रायणीचा घाट आणि वारकरी शिक्षण घेणारी मुले ही आळंदीची एक ओळख. भोसरी, मरकळ आणि चाकण येथे पाळीवर जाणाऱ्या तरुणांच्या भाड्याच्या खोल्या ही तिची दुसरी ओळख. मराठवाडा-विदर्भातून आलेली आमची पुष्कळ मुले या दुसऱ्या आळंदीत राहतात. अशाच एका वर्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधाचे वाचन चालू असता एका तरुणाने विचारले, "सर, मी सहा वर्षे कंत्राटी होतो. गेल्या वर्षी कायम झालो. माझ्या शेजारी तेच काम करणाऱ्या मुलाला माझ्या पगाराच्या निम्मेही मिळत नाही. मी स्वतःला समाजवादी म्हणवतो. आता म्हणवून घ्यावे की नको?"

आम्ही त्यास संविधानाच्या उद्देशिकेतील 'समाजवादी' हा शब्द दाखविला, दोन कलमे सांगितली आणि वेळ झाली म्हणून वर्ग संपविला. परतताना ध्यानात आले की त्याने राज्याविषयी विचारलेच नव्हते. त्याने स्वतःविषयी विचारले होते. त्या अपुऱ्या उत्तराची दुरुस्ती करावी, या हेतूने आम्ही बाबासाहेबांचे लेखन पुन्हा वाचले. त्या पुनर्वाचनाची ही मांडणी आहे.

प्रथम शब्दाविषयी. 'समाजवादी' हा शब्द उद्देशिकेत 1976 साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. तो काढून टाकावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या नोव्हेंबरात फेटाळली. परंतु 15 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत प्रा. के. टी. शाह यांनी हाच शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा तिला विरोध करणारे स्वतः बाबासाहेब होते. समाजाची आर्थिक घडी कोणती असावी हे पुढील पिढ्यांनी काळ पाहून ठरवावे, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत. आणि समाजवादाचा आशय तर मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यापूर्वी दीड वर्ष, 1947 च्या मार्चमध्ये, 'संस्थाने आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी याच्या उलट भूमिका घेतली होती. मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी व ही व्यवस्था विधिमंडळास बदलता येऊ नये म्हणून ती संविधानातच लिहावी, असे ते तेथे म्हणतात.

या दोन भूमिकांत विसंगती आहे, हे मान्य करण्यास अभ्यासकाने कचरू नये. पहिल्या ठिकाणी ते अनुसूचित जातींच्या वतीने मागणी करीत होते. दुसऱ्या ठिकाणी ते मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने उत्तर देत होते, एवढे म्हणून ती पूर्णपणे मिटत नाही. तथापि दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आशयावाचून शब्दाला ते किंमत देत नाहीत. राज्याच्या बाबतीत जे खरे, ते माणसाच्या बाबतीतही खरे असले पाहिजे.

समाजवादी माणसाची परीक्षा कोणती, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात सांगून ठेवले आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि प्रत्यक्षात न झालेले हे भाषण आमच्याकडे धर्मचिकित्सा म्हणून वाचले जाते. समाजवाद्यांना उद्देशून असलेला त्यातील भाग मात्र घाईने ओलांडला जातो. त्या भागाचा मथितार्थ असा : मालमत्तेच्या समान वाटणीसाठी माणसे एकत्र येतील, पण केव्हा? क्रांतीनंतरही आपल्याला समानतेने वागविले जाईल, जात विचारली जाणार नाही, असा त्यांना भरवसा असेल तेव्हा. हा भरवसा नेत्याच्या आश्वासनाने निर्माण होत नाही. शेजारी काम करणारा सोबती आज कसा वागतो, त्यावरून तो निर्माण होतो.

हे लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या गिरण्या असल्या पाहिजेत. तेथील विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, आणि नेमके तेच खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगारास नको होता. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाविरुद्ध एक झालेले कामगार त्या धाग्यापाशी दोन होत होते. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले, हेही विसरता कामा नये. टीका केली म्हणून त्यांनी साथ सोडली नाही.

आजच्या चाकण-भोसरीत धोटा नाही. तेथे गेटपासाचा रंग आहे, वेगळी बस आहे, आणि 'कायम' व 'कंत्राटी' हे दोन शब्द आहेत. आळंदीत खोली शोधणाऱ्यास आडनाव विचारले जाते, हे आमच्या श्रोत्यांपैकी अनेकांनी सांगितले. पण त्यांच्यातील एकाने सांगितलेली दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोचली : कायम कामगारांच्या युनियनमध्ये आमचीच माणसे आहेत, आणि कंत्राटी कामगारांचा प्रश्न बैठकीत निघाला की तीच प्रथम घड्याळ पाहतात. त्या दिवशी वर्गात आम्हीही घड्याळच पाहिले होते.

आता मूळ निबंधाकडे वळू. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा निबंध बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या तिसऱ्या खंडात तो 1987 साली आला. मार्क्सच्या विचारातील बराच भाग इतिहासाने खोटा ठरविला असला तरी जो उरला तो निखाऱ्यासारखा आहे, असे ते म्हणतात. तत्त्वज्ञानाचे काम जगाची पुनर्रचना करणे, वर्गावर्गांत हितसंबंधांचा संघर्ष असणे, खाजगी मालकीमुळे एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख मिळणे, आणि हे दुःख मालकी नष्ट करून दूर करणे, या चार गोष्टी ते उरलेल्या निखाऱ्यात मोजतात. मग ते त्यांच्याशेजारी भिक्खू संघाचे नियम मांडतात. तीन चीवरे, कमरबंध, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे गाळणे : भिक्खूची मालमत्ता या आठ वस्तूंपुरती. सोने-रुपे त्यास वर्ज्य. ही व्यवस्था रशियातील साम्यवादाहून कठोर होती आणि ती शस्त्रावाचून उभी राहिली, हा बाबासाहेबांचा मुख्य मुद्दा आहे.

येथे आमची एक शंका आहे आणि ती आम्ही आदरपूर्वक मांडतो. आठ वस्तूंचा नियम भिक्खूसाठी आहे. आमचा तरुण भिक्खू नाही. त्याला पत्नी आहे, गावी आई आहे, खोलीचे भाडे आहे. उपासकाची मालमत्ता संघाच्या नियमात येत नाही; अनाथपिंडिक दान देऊनही श्रेष्ठीच राहिला. तेव्हा गृहस्थाने समाजवादी कसे राहावे, याचे पूर्ण उत्तर या निबंधात मिळत नाही. ते बाबासाहेबांच्या अन्य लेखनातून आणि तिपिटकातून जुळवावे लागते. कायद्याचा भाग 1947 च्या निवेदनात आहे. आचरणाचा भाग सिगालोवाद सुत्तात आहे. तेथे मालकाची सेवकांप्रती पाच कर्तव्ये तथागतांनी सांगितली आहेत : शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थात वाटा देणे, वेळेवर सुटी देणे. मालक म्हणजे केवळ कारखानदार, असे समजून आम्ही हे सुत्त वाचतो. घरी भांडी घासणारी बाई लावणारा प्राध्यापकही मालकच आहे, हे वाचताना सोयीस्करपणे सुटते.

पण आचरण टिकावे कसे? संघाकडून घेण्यासारखे सर्वांत मोलाचे ते येथे आहे, आणि या निबंधाच्या चर्चेत त्याकडे फारसे लक्ष गेले नाही असे आम्हांस वाटते. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला उपोसथासाठी भिक्खू एकत्र जमत. पातिमोक्खाचे नियम म्हटले जात, तीन वेळा विचारले जाई, आणि ज्याच्याकडून दोष घडला असेल त्याने तो सांगावयाचा असे. वर्षावासाच्या शेवटी पवारणा होई. माझे काही वावगे पाहिले, ऐकले किंवा मनात शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करी. एकट्या माणसाच्या उत्साहावर संघ विसंबला नाही. निष्ठा ही नियमाने, सोबत्यांसमोर, पंधरा दिवसांनी मोजावयाची गोष्ट आहे, हे त्याने ओळखले.

आळंदीत बसून हे वाचताना तुलना आपोआप समोर येते. निष्ठावंत वारकरीही पंधरवडा पाळतो. वद्य एकादशीला तो आळंदीची वाट धरतो. त्याच्या सातत्याचा आम्ही उपहास करीत नाही. त्याचा हिशेब मात्र देवापाशी असतो. संतांनी ईश्वरासमोर सर्व समान असे सांगितले, पण माणसाने माणसाशी जातिभेदाने वागू नये यासाठी लढा उभारला नाही, ही बाबासाहेबांची टीका याच ठिकाणी लागू पडते. वारीत पायाला पाय लागतो, वारी संपली की खोली देताना आडनाव आठवते. उपोसथाचा हिशेब शेजाऱ्यापाशी असतो. वारकऱ्यांच्याच जगात कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांनी हा फरक जाणला होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, तेव्हा त्यांनी आपला हिशेब माणसांपाशी मांडला.

महाराष्ट्रातील समाजवाद्यांमध्येही हा फरक दिसतो. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि ते यशस्वी झाले. येवल्याची घोषणा होऊन तेव्हा बारा वर्षे लोटली होती. आमच्या समाजाला त्या दाराची गरज उरली नव्हती. तरीही सवर्ण मनाला जाब विचारणारे ते उपोषण प्रामाणिक होते. त्याची मर्यादा एवढीच की उपोषण सुटल्यावर त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा, हे ठरलेले नसते.

पुण्याच्या नाना पेठेत दवाखाना चालविणारे डॉ. बाबा आढाव यांनी 1950 च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, 1972 पासून 'एक गाव एक पाणवठा' या चळवळीसाठी गावे पालथी घातली, आणि 2025 च्या डिसेंबरात वयाच्या 95 व्या वर्षी त्यांचे निधन होईपर्यंत ते त्याच कामात राहिले. 1969 च्या माथाडी कायद्याचा लाभ हमालांपर्यंत पोहोचावा म्हणून अशा संघटना झटल्या. त्या कायद्यात मालक आणि कामगार दोघांची मंडळाकडे नोंद होते. मजुरी व तिच्यावरील लेव्ही मालक मंडळात भरतो आणि भविष्यनिर्वाह निधी, बोनस कामगाराला मंडळाकडून मिळतो. ज्याला कोणी मालक कबूल होत नव्हता त्याचे नाव वहीत आले. 1974 पासून 'कष्टाची भाकर' स्वस्त जेवण देऊ लागली. 1993 मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांची पंचायत निघाली. त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील होत्या. मार्क्स किंवा बुद्ध यांच्या भाष्यकारांत बाबांची गणना कोणी करणार नाही. परंतु व्यक्तीची निष्ठा संघटनेच्या वहीत उतरली म्हणजे ती कशी टिकते, याचे याहून जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता स्वतःकडे वळणे प्राप्त आहे. 1954 हे वर्ष या पट्ट्यात दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी मालकीचा कारखाना स्थापन झाला, आणि 25 डिसेंबरला देहूरोड येथे बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. राज्याचा समाजवाद आणि माणसाचे शील ही दोन्ही बीजे एकाच वर्षी एकाच परिसरात पडली. पहिल्याचे काय झाले याची चर्चा आम्ही हिरिरीने करतो. श्रमाचे तास आठवड्याला 48 वर आणणारी 1946 ची दुरुस्ती बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाचे फळ, असे आम्ही अभिमानाने सांगतो. आणि 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, याचा निषेधही करतो. दुसऱ्या बीजाविषयी मात्र आम्ही अबोल असतो. 18 मार्च 1956 रोजी आग्रा येथे शिकलेल्या वर्गाविषयी बाबासाहेबांनी व्यक्त केलेली व्यथा सर्वांस पाठ आहे. प्रत्येक वक्ता ती आपल्या शेजाऱ्याविषयी आहे असे समजून सांगतो.

पुढल्या पौर्णिमेला आम्ही त्याच विहारात गेलो. वंदना व पंचशील झाल्यावर आम्ही तीन प्रश्न मांडले. आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे काय? त्याला आठवड्याची सुटी आणि आजारपणाचा पगार आपण देतो काय? आपल्याहून कमी मजुरीवर तेच काम करणाऱ्या सोबत्यासाठी या पंधरवड्यात आपण काय केले? पहिल्या प्रश्नाला आमच्यापाशीच उत्तर नव्हते. बारा वर्षे आमच्या घरी येणाऱ्या बाईंना आम्ही 'मावशी' एवढेच म्हणत आलो होतो.

तो तरुण शेवटच्या ओळीत होता. तो म्हणाला, "सर, मला तिसऱ्याचे उत्तर द्यायचे आहे, पण अजून नाही. युनियनच्या बैठकीत कंत्राटी मुलांचा विषय मांडला. दोघांनीच साथ दिली. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा विचारा."

'मी समाजवादी आहे काय?' या त्याच्या मूळ प्रश्नाला आमचे उत्तर आता एवढेच आहे : ज्याला पुढच्या पौर्णिमेला पुन्हा विचारलेले चालते, तो आहे. विहाराच्या वहीत आम्ही त्या दिवशीची तारीख लिहिली आणि तिच्यासमोर एक रिकामा रकाना ठेवला. मावशींचे नाव मात्र दुसऱ्याच दिवशी विचारून घेतले.