सुटे प्रकरण आणि अखंड ग्रंथ : अंकीय विक्रीच्या निमित्ताने

अंकीय माध्यमात ग्रंथ अखंड विकावा की सुट्या भागांत, हा प्रश्न केवळ व्यापाराचा नाही. मेजाभोवती बसून भूमिका वठवत खेळल्या जाणाऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची नियमपुस्तके 'डी अँड डी बियाँड' या संकेतस्थळावर विकली जातात. तेथे पूर्वी पुस्तकातील एखादा राक्षस वा एखादे मंत्रभारित शस्त्र सुटे घेता येई; पुढे संपूर्ण पुस्तक घेतल्यास ती रक्कम वजा होई. २०२४ मध्ये ही सुटी विक्री बंद झाली. ग्राहकांची नाराजी रास्तच म्हणावी लागते. नियमपुस्तक हा एक प्रकारे कोशच होय. त्यातील नोंद सुटी घेतल्याने उणावत नाही.

मात्र हे माप सर्वत्र लागू पडत नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांच्या 'जागर'मधील एखादा लेख सुटा वाचता येतो, कारण तो आपला युक्तिवाद स्वतः पूर्ण करतो. पसायदानाचे तसे नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरच्या या नऊ ओव्या स्वतंत्रपणे छापल्या जातात, शाळांतून म्हटल्या जातात. वस्तुतः ते सिद्धीस गेलेल्या वाग्यज्ञाचे मागणे आहे. यज्ञ वगळला की मागणे उरते, मागण्याचा अधिकार उरत नाही.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत आपण नेमलेल्या प्रकरणाची झेरॉक्स प्रत विद्यार्थ्याच्या हाती देतो. (प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही.) पुस्तकांच्या किमती पाहता विद्यार्थ्याला दोष देता येत नाही. तथापि सुट्या भागाची किंमत पूर्ण ग्रंथात जमा करण्याची ती जुनी रीत मराठी ई-पुस्तकांच्या प्रकाशकांनी विचारात घ्यावयास हवी.