कच्चे मडके आणि कोरा कागद : शालेय शिल्पशिक्षणाची भाषा

शिक्षणाविषयी बोलू लागले की भारतीय भाषांना मातीची आठवण हटकून होते. मूल म्हणजे मातीचा गोळा आणि शिक्षक म्हणजे त्याला आकार देणारा कुंभार, ही प्रतिमा शिक्षकदिनाच्या भाषणांपासून पाठ्यपुस्तकांच्या मनोगतांपर्यंत सर्वत्र भेटते. तिचे कूळ जुने आहे. कबीराच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध दोह्यात गुरू हा कुंभार आणि शिष्य हा घडा आहे. आतून हाताचा आधार आणि बाहेरून चोट, असा त्या रूपकाचा तपशील. मराठी संतकथेत गोरोबाकाका थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी तपासतात आणि नामदेव कच्चे मडके ठरतात. दोन्ही ठिकाणी घडवणारा हात एकाचा आहे आणि घडणारी वस्तू दुसरी आहे. त्याच गोरोबांच्या चरित्रातील दुसरी कथा मात्र या रूपकाच्या वापरकर्त्यांना सोयीची नाही आणि म्हणून ती शिक्षणाच्या संदर्भात सहसा आठवली जात नाही. तीत चिखल तुडवणारा कुंभार नामस्मरणात इतका तल्लीन आहे की पायाखाली आलेले स्वतःचे मूल त्याला दिसत नाही.

युरोपीय परंपरेतही हे रूपक आहे, परंतु तेथे मातीच्या शेजारी आणखी एक वस्तू येऊन बसते. जॉन लॉकने १६९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ग्रंथाच्या अखेरीस आपल्यासमोरचा बालक कोरा कागद किंवा हवा तसा आकार देता येईल असे मेण म्हणून कल्पिला आहे. कागद आणि मेण हे दोन पर्याय लॉक एका दमात देतो, जणू ते समानार्थी असावेत. ते तसे नाहीत. कागदावर लिहिले जाते; मेणाला वजन असते, ते बोटांना अडवते, त्याला मागची बाजू असते. आधुनिक शाळेने या दोहोंतून कागद निवडला, आणि भारतीय शाळेने कुंभाराचे रूपक तोंडी ठेवून व्यवहारात तीच निवड केली. शालेय शिल्पशिक्षणाची चर्चा बहुधा साधनसामग्रीचा अभाव, अपुऱ्या तासिका आणि शिक्षकांची रिक्त पदे यांपाशी थांबते. ही कारणे खरी आहेत. परंतु जेथे मूल हीच माती मानली गेली, तेथे मुलाच्या हाती माती देण्याची निकड कोणाला भासावी, हा प्रश्न त्यांच्या आधीचा आहे.

शब्दांकडे पाहिले तर विसंगती अधिक ठळक होते. मराठी समीक्षा आपली कितीतरी परिभाषा त्रिमित वस्तूंकडून घेते: घाट, घडण, साचा, ठसा, बांधणी. भांड्याला घाट असतो म्हणून कवितेलाही असतो. तरी शाळेत जो शिक्षक असतो तो ‘चित्रकला शिक्षक’, बोलीत ‘ड्रॉइंगचे मास्तर’. शिल्पकला शिक्षक हे पद सामान्य शाळेच्या कल्पनेत बसतच नाही. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ ची, आणि तिच्या परिसरात आकाराला आलेल्या परंपरेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंग ग्रेड परीक्षा महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या कलाशिक्षणाचा कणा बनल्या. त्यांचे विषय पाहावेत: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन आणि इंटरमिजिएटला घनभूमिती. तिसरी मिती येथे एकदाच येते, तीही कागदावरील प्रक्षेपण म्हणून. शंकूचा छेद अचूक काढून उत्तम श्रेणी मिळवणाऱ्या मुलाने मातीचा शंकू कधी हातात धरला होता की नाही, हे परीक्षेला विचारता येत नाही. या परीक्षांनी महाराष्ट्राला रेखांकनाची एक शिस्त दिली, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारणार नाही. मात्र त्यांनी ‘कला’ आणि ‘कागद’ हे दोन शब्द शाळेत एकजीव करून टाकले. शिल्पाला उत्तरपत्रिका होता येत नाही. ते गठ्ठ्यात बांधता येत नाही, टपालाने पाठवता येत नाही, आणि कच्चे असेल तर पहिल्या पावसात विरघळते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात चित्रकला आणि मुद्राचित्रण यांच्या जोडीने शिल्प हा स्वतंत्र ऐच्छिक विषय आहे आणि त्याच्या प्रात्यक्षिकात उत्थित तसेच सर्वांगी मूर्तिकाम अंतर्भूत आहे. अखिल भारतीय पातळीवर ही सोय लक्षणीय म्हटली पाहिजे. परंतु लेखी भागातील भारतीय कलेचा इतिहास शिल्पाच्या आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याला सारखाच आहे, आणि बारावीच्या वर्षी त्याचा मोठा भाग राजस्थानी, पहाडी, मोगल आणि दख्खनी लघुचित्रांनी व्यापलेला आहे. हाताने मातीत काम करणारा विद्यार्थी डोळ्याने लघुचित्रे पाठ करतो. अखेरच्या प्रकरणात त्याला आधुनिक शिल्पे भेटतात. त्यांत रामकिंकर बैज यांचे ‘संथाल परिवार’ असते, अर्थातच छायाचित्राच्या रूपात.

हे उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. रामकिंकरांनी ‘संथाल परिवार’ १९३८ मध्ये शांतिनिकेतनात उघड्यावर उभारले. लोखंडी सांगाड्यावर सिमेंट आणि तेथल्याच तांबड्या जमिनीतील खडी यांचे मिश्रण अक्षरशः फेकून ते घडवलेले आहे; ब्राँझ परवडणारे नव्हते, आणि परवडले असते तरी त्या खरखरीत पृष्ठभागाची सर त्याला आली नसती. मानवी आकाराहून मोठ्या या आकृती चालत आहेत: खांद्यावर कावड घेतलेला पुरुष, कावडीत मूल, सोबत बाई आणि कुत्रे. चौथरा इतका बुटका आहे की पाहणारा त्यांच्या वाटेतच उभा राहतो. छायाचित्रात या समूहाची एक बाजू येते आणि तीच ‘समोरची’ ठरते. प्रत्यक्षात भोवती फिरताना कावडीचा तोल क्षणाक्षणाला बदलतो. समोरून जे कुटुंब आपल्याकडे येत असते ते मागे गेल्यावर आपल्याला सोडून निघालेले असते, आणि स्थलांतर हा विषय खरे तर या मागच्या बाजूने कळतो. शांतिनिकेतनातील विद्यार्थ्याला हे शिल्प येता-जाता, उन्हापावसात पाहावे लागले. त्याच्यासाठी तो ‘धडा’ नव्हता. बारावीचा विद्यार्थी ते शिल्पकाराचे नाव, माध्यम, आकार आणि संग्रहस्थान अशा रकान्यांत शिकतो. रवींद्रनाथांच्या ‘तोता-काहिनी’ या १९१८ मधील रूपककथेत पोपटाला पोथ्यांची पाने भरवून शिक्षित केले जाते आणि अखेर त्याच्या पोटातून केवळ कोरड्या कागदांची खसखस ऐकू येते. ती कथा लिहिणाऱ्याच्याच अंगणातील शिल्प कागदाच्या वाटेने शाळेत पोहोचावे, यात दैवाचा काही विनोद असावा.

भोवती फिरावे लागणे हा शिल्पाचा दोष आहे, असे बोदलेअरने १८४६ च्या कलाप्रदर्शनावरील लेखनात मांडले होते. शिल्प कंटाळवाणे का असते, हेच त्या प्रकरणाचे शीर्षक. चित्र पाहणाऱ्याला एकच दृष्टिकोन देते आणि म्हणून ते चित्रकाराच्या हुकमतीत राहते. शिल्पाभोवती फिरणारा प्रेक्षक शंभर चुकीच्या जागा निवडू शकतो, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे. हेर्डरने त्याच्या आधी, १७७८ मधील शिल्पविषयक निबंधात, नेमकी उलट बाजू घेतली होती. दृष्टीला फक्त पृष्ठभाग कळतो, घनता कळते ती स्पर्शाला. शिल्पाभोवती फिरणारा डोळा हा वस्तुतः हात होऊ पाहत असतो, असे त्याचे म्हणणे. या वादाच्या मुळाशी लॉकच्याच ‘मानवी आकलन’विषयक ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत आलेला मॉलिन्यूचा प्रश्न आहे: जन्मांधाला अचानक दृष्टी आली तर पूर्वी केवळ हातांनी ओळखलेले गोल आणि घन त्याला नुसते पाहून ओळखता येतील काय? लॉकचे उत्तर नकारार्थी होते. पुढे फ्रोबेलने बालवाडीतील मुलांसाठी जी ‘देणगी’ आखली तीत लाकडी गोल आणि घन यांच्या मध्ये वृत्तचिती ठेवली. तत्त्वज्ञानातला प्रश्न आणि बालवाडीतील खेळणे यांच्यात थेट वारसा सांगण्याची गरज नाही. तोच प्रश्न मुलाच्या मुठीत आला, एवढे पुरेसे आहे.

बोदलेअर आणि हेर्डर यांच्यातील मतभेदाला शाळेत एक व्यावहारिक अर्थ प्राप्त होतो. एकच अधिकृत दृष्टिकोन असणे परीक्षेच्या सोयीचे असते, आणि शिल्पाला तो देता येत नाही. व्हिएन्नातील अंधशाळेत काम करणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड याने लुडविग म्युन्त्झ याच्यासमवेत अंध मुलांच्या मातीकामाचा अभ्यास १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. नाझी आक्रमणामुळे १९३८ मध्ये देश सोडून अमेरिकेत गेल्यानंतर त्याने १९४७ मध्ये मुलांच्या सर्जनशील वाढीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात माती हाताळण्याच्या दोन रीती नोंदवलेल्या आहेत. काही मुले अखंड गोळ्यातून पाय, शिंगे, शेपूट ओढून काढतात. काही मुले सुटे अवयव करून ते जोडत जातात. लोवेनफेल्डच्या मते या विचार करण्याच्याच दोन भिन्न पद्धती आहेत, आणि एकीला बरोबर ठरवून दुसरी सुधारू पाहणारा शिक्षक मुलाच्या विचारप्रक्रियेत ढवळाढवळ करतो. अंध मुलाने केलेला मुखवटा डोळस माणसाला विद्रूप वाटला तरी तो आतून अनुभवलेल्या चेहऱ्याशी प्रामाणिक असतो. येथे कुंभाराचे रूपक पुरते उलटते: माती आहे, घडवणारा आहे, पण तो घडवणारा शिक्षक नव्हे.

भारतात या उलथापालथीच्या सर्वांत जवळ पोहोचलेला प्रयोग वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने आखलेल्या योजनेत दररोज ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगासाठी होती. पुस्तकाऐवजी हाताला केंद्रस्थान देण्याचे ते धैर्य आजही थक्क करणारे आहे. तथापि ज्या हाताची तेथे कल्पना होती तो मुख्यतः सूत काढणारा, उपयुक्त आणि विकाऊ वस्तू निर्माण करणारा हात होता. ज्या वस्तूचा काही उपयोग नाही अशी वस्तू करण्याचा मुलाचा अधिकार योजनेच्या भाषेत नीटसा मावत नव्हता. ही उणीव ओळखली ती देवी प्रसाद यांनी. शांतिनिकेतनात शिकलेले, पुढे कुंभारकामात नाव मिळवणारे देवी प्रसाद १९४४ ते १९६२ सेवाग्रामात कलाशिक्षक होते. या अनुभवावर आधारलेला त्यांचा ग्रंथ कला हाच शिक्षणाचा पाया मानतो आणि कला व हस्तोद्योग यांच्यातील भिंत पाडतो. नई तालीमच्या चौकटीत राहून तिच्या उपयुक्ततावादाला इतक्या सौम्यपणे आणि इतक्या ठामपणे दुरुस्त करणारे दुसरे लेखन आढळत नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. हर्बर्ट रीड यांचे ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ (१९४३) असो की देवी प्रसाद यांचे विवेचन असो, मुलांच्या कलेचा पुरावा म्हणून जे मांडले जाते ते प्रामुख्याने चित्र असते. रीड हे शिल्पाचे मोठे भाष्यकार. १९५६ च्या त्यांच्या शिल्पविषयक ग्रंथात स्पर्शसंवेदनेला मध्यवर्ती स्थान आहे. पण मुलांकडे वळताच त्यांचे वर्गीकरण कागदावरील रेषा आणि रंग यांवर उभे राहते. देवी प्रसाद यांचे तर हातच मातीत होते. याचे एक कारण साधे आहे: चित्र छापता येते, जपता येते, तुलनेसाठी शेजारी ठेवता येते, आणि ग्रंथ ही अखेर कागदाचीच वस्तू आहे. मात्र परिणाम साधा नाही. बालकलेचे विकासटप्पे म्हणून जे भारतातील शिक्षक-प्रशिक्षणात शिकवले गेले ते रेखाटनाचे टप्पे आहेत. चार वर्षांच्या मुलाचे मातीतील माणूस आणि कागदावरील माणूस एकाच नियमाने वाढतात, असे त्यात न सांगता गृहीत धरले गेले. कागदावर डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस काढणारे मूल मातीत अनेकदा धड करते, कारण माणूस उभा राहावा लागतो. गुरुत्वाकर्षण कागदावर नसते.

मराठी मुलांनी हे ज्ञान शाळेबाहेर जपले. बैलपोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीतील किल्ले, यांत उतार, भार, पोकळी आणि आधार यांचा अभ्यास कोणी न शिकवता होतो; किल्ल्याचा बुरूज ढासळला की पोत्याखाली विटा सरकवाव्या लागतात हे मुलांना ठाऊक असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे माती, शिंपले, बिया यांना बालशिक्षणाचे साहित्य मानले, ते या ज्ञानाचे शाळेत केलेले दुर्मीळ स्वागत होते. पण ते बालवाडीपाशी संपले. अलीकडे शाळांमधून होणाऱ्या शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळांचा पर्यावरणीय हेतू चांगला असला तरी जेथे साच्यात माती दाबून एकसारख्या मूर्ती काढल्या जातात तेथे शिल्पशिक्षण घडले असे म्हणता येत नाही. केंद्रीय मंडळाने २०१९ पासून आग्रह धरलेल्या कला-समेकित अध्ययनात त्रिमित वस्तू पुन्हा शाळेत आली, परंतु बव्हंशी ‘मॉडेल’ या नावाने: ज्वालामुखीचे, पचनसंस्थेचे, ताजमहालाचे. मॉडेल दुसऱ्या कशाचा तरी पुरावा असते. त्याच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी दिसली तरी चालते, कारण मागून कोणी पाहणारच नसते.

देवी प्रसाद यांचे रामकिंकरांच्या शिल्पांवरील पुस्तक २००७ मध्ये, त्यांच्या उतारवयात प्रसिद्ध झाले. त्यातील छायाचित्रेही त्यांचीच आहेत. समरेश बसू यांनी रामकिंकरांवर लिहायला घेतलेली ‘देखि नाइ फिरे’ ही कादंबरी लेखकाच्या १९८८ मधील मृत्यूमुळे अपुरी राहिली, ऋत्विक घटक यांचा १९७५ चा माहितीपटही अपुराच राहिला. कादंबरीच्या शीर्षकाचा अर्थ ‘मागे वळून पाहिले नाही’ असा आहे. शांतिनिकेतनच्या या माजी विद्यार्थ्याने मात्र हाती कॅमेरा घेऊन जुन्या गुरूच्या कामाभोवती पुन्हा फेरी घातली आणि ज्या बाजू पाठ्यपुस्तकात येत नाहीत त्याही नोंदवल्या.