लघु नियामक आर.एन.ए. आणि ‘संधिसाधू’ जीवाणू : एका संज्ञेची चिकित्सा

दुबळ्या शरीरातच रोग निर्माण करणाऱ्या जीवाणूंना मराठी विज्ञानलेखनात ‘संधिसाधू’ म्हटले जाते. ही संज्ञा सुटसुटीत असली तरी जीवाणूवर हेतूचा आरोप करते. जीवाणूला हेतू नसतो. परिस्थितीनुसार जनुकांची अभिव्यक्ती बदलण्याची क्षमता असते. लघु नियामक आर.एन.ए.च्या अभ्यासाने हा भेद स्पष्ट केला आहे.

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा मूलतः माती व पाण्यात राहणारा जीवाणू. निरोगी माणसाला तो सहसा बाधत नाही. भाजलेली त्वचा किंवा कृत्रिम श्वसनावरील रुग्णाचे फुप्फुस यांत मात्र तो घातक ठरतो. मानवी शरीर लोह प्रथिनांशी बांधून ठेवते. लोहाची टंचाई होताच जीवाणूतील ‘फर’ या प्रथिनाचा दाब उठतो आणि पी.आर.आर.एफ.-१ व २ हे लघु आर.एन.ए. तयार होतात. लोह वापरणाऱ्या, पण त्या क्षणी निकडीच्या नसलेल्या प्रथिनांच्या संदेशवाहक आर.एन.ए.शी जोडी जमवून ते त्यांचे उत्पादन घटवतात. वाचलेले लोह अत्यावश्यक कामांना मिळते. ही यंत्रणा २००४ मध्ये प्रकाशित झाली.

म्हसवडसारख्या दुष्काळी माणदेशातील विद्यार्थ्याला हा हिशेब परका नाही. विहिरीला पाणी कमी पडले की कोणते पीक जगवायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवावेच लागते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही व उसावर केवडा पडतो, हेही त्याने पाहिलेले असते. फुप्फुसातील जीवाणूची काटकसर ही मातीतल्या काटकसरीचाच विस्तार आहे. ‘संधी साधणे’ या शब्दप्रयोगात नेमके हेच हरवते.

दुसरी उणीव अध्यापनक्रमाची आहे. जनुक नियमन म्हणजे लॅक ओपेरॉन व दमनकारी प्रथिन, एवढ्यावर विवेचन बहुधा थांबते. वस्तुतः जाकोब व मोनो यांनी १९६१ मध्ये दमनकारी घटक आर.एन.ए. असावा, असा विचार मांडला होता. १९६६ मध्ये लॅक दमनकारी हा प्रथिन असल्याचे सिद्ध झाले आणि ती कल्पना मागे पडली. ६-एस आर.एन.ए. १९६७ पासून ज्ञात होता. त्याचे कार्य उमगण्यास २००० साल उजाडले. १९८४ मध्ये ई. कोलायमधील मिक-एफ आर.एन.ए.ने ओ.एम.पी.-एफ या प्रथिनाचे उत्पादन रोखल्याचे दिसले. पुरावा हाती असूनही प्रश्न विचारला गेला नाही, हा या इतिहासाचा धडा आहे.

‘असांकेतिक’ या संज्ञेचीही मर्यादा येथे उघड होते. स्टॅफिलोकोकस ऑरियसमधील आर.एन.ए.-III हा सुमारे ५१४ न्यूक्लिओटाइडांचा रेणू विषजनुकांचे नियमन करतो आणि स्वतः डेल्टा हीमोलायसिनचा संकेतही वाहतो. संकेत व नियमन ही दोन कप्प्यांतील कामे नाहीत.

तथापि अतिउत्साहही टाळावयास हवा. क्रमवाचनातून असे शेकडो रेणू नोंदले गेले. त्यांपैकी बहुतेकांचे कार्य अद्याप अज्ञात आहे. त्यांना लक्ष्य करून प्रतिजैविकरोध मोडण्याची भाषा केली जाते. परंतु असे एकही औषध आजवर रुग्णोपचारात आलेले नाही.

सारांश, ‘संधिसाधू’ ही रूढ संज्ञा एकाएकी टाकता येणार नाही. मात्र ती शिकवताना यंत्रणेचे विवेचन सोबत असले पाहिजे. अन्यथा विद्यार्थ्याच्या हाती विज्ञानाऐवजी केवळ एक दूषण लागेल.