राइज अँड फॉल ऑफ डी. ओ. डी. ओ., द

नील स्टीव्हन्सन (१९५९– ) आणि निकोल गॅलंड या अमेरिकन लेखकद्वयाची इंग्रजी अद्‌भुतिका (२०१७). स्टीव्हन्सनची ख्याती विज्ञानकथालेखक म्हणून, तर गॅलंडची ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून आहे. कालप्रवास, चेटूक व इतिहास यांचे मिश्रण या कादंबरीत आढळते. शीर्षकातील आद्याक्षरे काळाच्या आरपार कारवाया करणाऱ्या एका गुप्त अमेरिकन सरकारी खात्याची असून, ती जुळविली असता ‘डोडो’ या नामशेष पक्ष्याचे नाव होते. साम्राज्यांच्या इतिहासाला शोभणारी ‘उदय आणि अस्त’ ही शब्दयोजना एका सरकारी खात्याला लावण्यातच उपहास आहे.

जादूविद्या एके काळी खरी होती व ती १८५१ मध्ये लोप पावली, ही कादंबरीची मूळ कल्पना होय. तिचा आधार पुंजयामिकीतून घेतला आहे. एकाच वेळी संभवणाऱ्या अनेक अवस्थांतून हवी ती निवडणे हे चेटकिणीचे सामर्थ्य. छायाचित्र मात्र घडलेली एकच अवस्था कायमची पक्की करते. त्यामुळे छायाचित्रणाच्या प्रसाराबरोबर जादू क्षीण होत जाते आणि २८ जुलै १८५१ रोजी केनिग्झबर्ग येथे खग्रास सूर्यग्रहणाचे छायाचित्र घेतले जाताच ती संपते. हे छायाचित्र काल्पनिक नाही. सूर्याभोवतीचा किरीट स्पष्टपणे दाखविणारे ते पहिले छायाचित्र मानले जाते.

भाषाशास्त्रज्ञ मेलिसांद स्टोक्स, सैन्याधिकारी ट्रिस्टन लायन्स व त्यांचे सहकारी बाह्य निरीक्षणापासून पूर्णतः तुटलेली, द्रव हीलियमने थंड केलेली एक कोठी उभारतात. तीत जादू पुन्हा चालू लागते. मंत्रबळाने दीर्घायुषी झालेली हंगेरियन चेटकीण एर्झेबेट तेथून माणसांना भूतकाळात पाठविते. पहिली मोहीम १६४० मधील मॅसॅचूसेट्सची : तेथे त्या वर्षी छापलेल्या बे साम बुक  या स्तोत्रसंग्रहाची प्रत पुरून ठेवायची आणि वर्तमानात उकरून, विकून पैसा उभारायचा. परंतु इतिहास सहजी बदलत नाही. समांतर कालधाग्यांत तेच कृत्य पुनःपुन्हा करावे लागते आणि बदल पेलण्यापलीकडचा झाल्यास काळाची वीणच फाटून संहार ओढवतो.

रोजनिशी, पत्रे, इ-मेल व कार्यालयीन टिपणे यांतून कथानक उलगडते. व्हायकिंग योद्ध्याने वॉलमार्ट या आधुनिक दुकानावर घातलेल्या धाडीचे वीरकाव्यही त्यात आहे. नियमावल्या आणि संक्षिप्त नामे वाढत जातात, तसतसे खाते आपल्याच माणसांना ओळखेनासे होते. १६०१ मधील लंडनची आयरिश चेटकीण ग्रॉन्या हिची कामगिरी फायलींत नोंदली जाते; यंत्रयुगच उलटवून जादूला पुन्हा राज्य मिळवून देण्याचा तिचा हेतू मात्र वरिष्ठांना उमगत नाही. कादंबरीतील उपहास येथे सर्वाधिक भेदक आहे.

इतिहासाच्या बाजूने मात्र एक गंभीर आक्षेप संभवतो. ब्रिटनच्या १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हा न मानता, चेटकाची बतावणी हा गुन्हा ठरविला; म्हणजे छायाचित्रणाचे तंत्र १८३९ मध्ये जाहीर होण्यापूर्वी शतकभर आधीच सुशिक्षितांचा विश्वास ढळला होता. विवेकाने मिळविलेले हे यश कादंबरी कॅमेऱ्याच्या पदरी टाकते. शिवाय सेलम येथे १६९२ मध्ये फाशी दिलेल्या १४ स्त्रिया व ५ पुरुष निरपराध होते. चेटूक खरे मानले, की फिर्यादींचा आरोपही तत्त्वतः शक्य कोटीत येतो आणि अन्यायाचे मर्मच निसटते. सेलमच्या बळींपैकी एकीची वंशज कादंबरीत महत्त्वाचे पात्र असूनही या पेचाचा पुरेसा विचार झालेला नाही.

तथापि, न पाहिलेल्यालाच अनेक शक्यता असतात, हे सूत्र कादंबरी अखेरपर्यंत निष्ठेने सांभाळते. सर्व काही टिपून ठेवण्याच्या हव्यासात माणूस काय गमावतो, हा तिचा प्रश्न कथेपेक्षा मोठा आहे. मास्टर ऑफ द रेव्हल्स (२०२१) हा तिचा उत्तरभाग एकट्या गॅलंडने लिहिला.